पैठणीची उलटी बाजू

येत्या माघात माझ्या भाचीचं लग्न आहे. माझ्या आजीची डाळिंबी रंगाची नौवारी पैठणी कापून तिला घागरा शिवून घ्यायचा आहे. घरात लगेच दोन तट पडले. मी बरीच वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या विणकामाची टिपणं काढते आहे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. तो देण्याआधी मला एक प्रश्न सोडवायचा होता : अंगावर घेण्याची तऱ्हा बदलली की कापडाचं नेमकं काय बदलतं?

पैठणीचं नाव पैठणचं असलं, तरी तिचे माग आज मुख्यतः येवल्यात आहेत. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर सांगतं, की येवल्याच्या रघोजी नाईकांनी मक्तेदारीचं वचन देऊन शामदास वालजी या गुजराती व्यापाऱ्याकरवी पैठणचे कारागीर आणवले. ही मक्तेदारी १८६० च्या दशकापर्यंत टिकली. म्हणजे हा धंदा रुजला तोच बाजाराच्या हिशेबाने. त्यामुळे ‘परंपरा म्हणून काहीच बदलू नये’ हा घरातल्या एका तटाचा दावा मला पटत नाही.

रंगांचंच बघा. शिरोदक म्हणजे शुभ्र, राघू म्हणजे पोपटी, चंद्रकळा म्हणजे काळी, लाल काठाची. शिवाय अबोली, मोरपंखी, कुसुंबी. ही नावं फुलं, पाखरं आणि आभाळ यांच्यावरून आली. कुसुंब्याचा रंग साबणाला टिकत नसे. १८६९ पासून कृत्रिम अलिझरीन आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि रंगाऱ्याची अडचण संपली. पुढे मागणी ठरवू लागली ती चित्रं. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्माने लग्नात सब्यसाचीचा फिकट गुलाबी लेहंगा घातला. त्यानंतर कितीतरी नवऱ्या फिकट रंग मागू लागल्या. फॅशनचा हंगाम चार-सहा महिन्यांत पालटतो. मागावर एकदा ताणा चढवला, की विणकर त्या रंगाशी बांधला जातो. अंदाज चुकला तर तोटा त्याचा.

रंगापेक्षाही मोठा बदल आकाराचा. नौवारीत मागे कासोटा, पुढे निऱ्या आणि खांद्यावरून आणून कमरेला खोचलेला पदर. पाहणाऱ्याची नजर काठावरून फिरते. १८६० च्या दशकात ज्ञानदानंदिनी टागोर मुंबईत राहिल्या, पारशी बायकांची नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली आणि बंगालमध्ये नेली. पुढे महाराष्ट्रातही गोल साडी आली, सकच्छ की विकच्छ हा वाद रंगला आणि अखेर पाचवारी-सहावारी जिंकली. पदर मोकळा पाठीवर आला आणि नजर काठावरून पदरावर गेली. पैठणी हा बदल सहज पचवून गेली, कारण कापड अखंडच राहिलं होतं.

घाग‍ऱ्याचं तसं नाही. येवल्यात एका विणकराने मला पैठणी ओळखायला शिकवलं ते पदर उलटा करून. हाताने विणलेल्या पैठणीत मोराचा प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या कांडीने त्याच्या जागेपुरता भरतात. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून धागे एकमेकांत अडकवतात. त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. जॅकार्डवर झटपट विणलेल्या नक्षीच्या पाठीमागे मात्र बहुधा सुटे धागे लोंबतात. म्हणजे पैठणीची साक्ष तिच्या उलट्या बाजूला असते. नेसलेल्या साडीत वाऱ्याने पदर उलटला, की ती साक्ष आपोआप मिळते.

शिवलेल्या कपड्याला अस्तर लागतं आणि अस्तराखाली उलटी बाजू कायमची झाकली जाते. मग सहा महिने खपून विणलेला मोर आणि यंत्रावरचा मोर यांत गिऱ्हाइकाला फरक दिसणार कसा? आणि दिसणारच नसेल, तर तो दाम का मोजेल? २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, नावाला संरक्षण मिळालं. पण नाव चिठ्ठीवर असतं, काम कापडाच्या पाठीवर. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकच्या मंचावर पैठणी आली याचा मला आनंदच आहे. मात्र मंचासमोर बसणाऱ्यांना कापडाची एकच बाजू दिसते.

म्हणून आजीची पैठणी मी भाचीच्या मांडीवर पसरली आणि पदर उलटा केला. ती बराच वेळ दोन्ही मोर पाहत राहिली. मग मी निवाडा दिला : “कापायचीच असेल तर अंगाचं कापड काप. पदर तसाच ठेव, ओढणीसारखा खांद्यावर घे. पण त्याला अस्तर लावू नकोस.”

तिने अजून शिंप्याकडे काही दिलेलं नाही. पैठणी सध्या माझ्याच कपाटात आहे, मलमलीत गुंडाळलेली.