दुसऱ्याच्या नावाची कबर

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पूर्वेस डोंगरमाथ्यावरील अष्टकोनी, तिमजली वास्तूला लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वास्तविक ती सलाबतखानाची कबर होय. ‘दिवाणा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मुर्तजा निजामशहाचा हा वजीर. विक्षिप्त सुलतानाच्या काळात राज्याचा कारभार त्याने सांभाळला आणि स्वतःच्या कबरीसाठी मात्र वस्तीपासून दूर, चहूकडून दिसणारा डोंगर निवडला. आपण विसरले जाऊ नये, हाच त्यामागील हेतू असावा. १५८९च्या सुमारास तो वारला. पुढे मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी १६००मध्ये स्वकीयांकडूनच मारली गेली. या वास्तूशी तिचा काहीही संबंध नाही. तरी लोकस्मृतीने ती तिलाच बहाल केली. वजिराची कबर टिकली, नाव तेवढे पुसले गेले.