कन्सोलसाठी स्वस्त वायरवाला हेडसेट घेताय? लाईट नंतर, आधी पिन बघा

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेट-औरंगपुरा भागातल्या दुकानात जा, नाहीतर ऑनलाईन शोधा. हजार ते चार हजार रुपयांत गेमिंग हेडसेटची रांगच लागते. प्रत्येक खोक्यावर ‘७.१ सराउंड’, ‘५० मिमी ड्रायव्हर’ आणि रंगीत लाईट. पण यातले बरेच हेडसेट कॉम्प्युटर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. कन्सोलला लावले की कधी माईक चालत नाही, कधी लाईट लागत नाही, कधी आवाजच येत नाही. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून खरेदीआधी काय बघायचं, ते समजून घेऊ.

वायरवालाच का?

मोबाईलचा ब्लूटूथ हेडफोन कन्सोलला जोडू, असं अनेकांना वाटतं. पण प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स साध्या ब्लूटूथ हेडफोनला थेट जोडले जात नाहीत. निन्टेन्डो स्विचला २०२१ पासून ब्लूटूथवर आवाज मिळतो, पण ब्लूटूथचा माईक तिथे चालत नाही. कन्सोलसाठी बनवलेले वायरलेस हेडसेट मिळतात, पण ते महाग. कमी बजेटमध्ये वायरच बरी: चार्जिंगची कटकट नाही आणि आवाज मागे पडत नाही.

तुमच्या कन्सोलला काय जोडता येतं?

प्लेस्टेशन ४ आणि ५: कंट्रोलरलाच ३.५ मिमीचा जॅक असतो. बहुतेक साधे यूएसबी हेडसेटही चालतात.

एक्सबॉक्स: सिरीज एक्स आणि एस यांच्या कंट्रोलरला ३.५ मिमी जॅक आहे. २०१३ साली एक्सबॉक्स वनसोबत आलेल्या पहिल्या कंट्रोलरला मात्र तो नव्हता. २०१५ च्या सुधारित कंट्रोलरपासून आला. जुना सेकंडहँड कंट्रोलर असेल तर वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. आणि महत्त्वाचं म्हणजे साधे यूएसबी हेडसेट एक्सबॉक्सवर सहसा चालत नाहीत.

निन्टेन्डो स्विच: जॅक कन्सोललाच आहे. हातात धरून खेळताना अडचण नाही. टीव्हीला जोडून खेळताना मात्र वायर टीव्हीपर्यंत न्यावी लागते, कारण पहिल्या स्विचच्या प्रो कंट्रोलरला जॅक नाही.

थोडक्यात, ३.५ मिमीची एकच पिन असलेला हेडसेट सगळ्यात सुरक्षित. उद्या कन्सोल बदलला तरी तो कामी येतो.

पिनवरच्या रेघा मोजा

पिन हातात घेऊन तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा असतील तर आवाज आणि माईक दोन्ही एकाच पिनमधून जातात. कंट्रोलरला हीच पिन लागते. दोनच रेघा असतील तर फक्त ऐकता येईल, बोलता येणार नाही.

काही हेडसेटना दोन वेगळ्या पिना असतात, एक आवाजाची आणि एक माईकची. त्या कॉम्प्युटरसाठी. कंट्रोलरसाठी दोन्ही एकत्र करणारा जोड लागतो. तो खोक्यात आहे का, विचारून घ्या.

कधी पिन बरोबर असूनही आवाज पोकळ येतो, संवाद गायब होतात आणि वायरवरचं बटण दाबून धरलं की सगळं ठीक ऐकू येतं. अशा वेळी हेडसेट बिघडलेला नसतो. पिनमधल्या माईक आणि अर्थच्या जागा उलट असतात. जुन्या पद्धतीच्या हेडसेटमध्ये असं आढळतं.

खोक्यावरच्या दाव्यांचा अर्थ

७.१ सराउंड: स्वस्त हेडसेटमध्ये हा परिणाम बहुधा कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर तयार करतं. उदाहरणार्थ, रेझरच्या ‘ब्लॅकशार्क व्ही२ एक्स’चं ७.१ फक्त विंडोजवर चालतं; कन्सोलवर तो साधा स्टिरिओ हेडसेट असतो. यात नुकसान काही नाही. प्लेस्टेशन ५ स्वतःच साध्या स्टिरिओ हेडसेटवर थ्रीडी आवाज देतो, आणि एक्सबॉक्समध्ये ‘विंडोज सॉनिक’ फुकट मिळतं. पावलांचा आवाज डावीकडून आला की मागून, हे कळायला चांगला स्टिरिओ पुरतो. ७.१ साठी जादा पैसे देऊ नका.

५० मिमी ड्रायव्हर: ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला, असं नाही. ४० मिमीचा नीट बनवलेला ड्रायव्हर ५० मिमीच्या सुमार ड्रायव्हरपेक्षा सरस ठरतो.

रंगीत लाईट: ३.५ मिमी पिनमधून लाईटला वीज मिळत नाही. त्यासाठी वेगळी यूएसबी वायर असते आणि ती सोफ्यापासून कन्सोलपर्यंत पोहोचत नाही. तिच्याविना आवाज आणि माईक सहसा चालतात, फक्त लाईट लागत नाही. मग लाईटचे पैसे कशाला?

आपल्याकडचा उन्हाळा आणि कूलर

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. रेग्झिनच्या गाद्या कानाला घट्ट बसतात आणि बाहेरचा आवाज अडवतात, पण घामाने चिकट होतात आणि काही महिन्यांत सोलवटतात. कापडी गाद्या हवेशीर असतात, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो. निदान गाद्या बदलता येतात का, एवढं बघा. वजन २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असलं की मान अवघडत नाही.

कूलरची घरघर हा वेगळाच प्रश्न. माईक तोंडाजवळ आणता येईल अशा लवचिक दांडीचा घ्या. वायरमध्ये दडलेला छोटा माईक कूलरचा आवाजही तितकाच उचलतो.

आवाज किती ठेवायचा?

कूलर चालू असला की नकळत हेडसेटचा आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. हाच आवाज ९० डेसिबल झाला तर मर्यादा फक्त ४ तासांवर येते. मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, ७५ डेसिबलला ४० तास. खेळ संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा बोलणं दबलेलं ऐकू येत असेल, तर आवाज जास्त होता असं समजा. असा त्रास वारंवार झाला तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हणूनच कान पूर्ण झाकणारा हेडसेट घ्या: बाहेरचा गोंगाट अडला की कमी आवाजातही काम भागतं.

खरेदीआधी आणि नंतर

१. घरात पडलेला माईकवाला मोबाईल इअरफोन आधी कंट्रोलरला लावा. त्यातूनही आवाज आला नाही तर सेटिंग तपासा, जॅकमधली धूळ बघा. कधी कधी दोष कंट्रोलरचा असतो आणि खर्च हेडसेटवर होतो.

२. प्लेस्टेशनमध्ये फक्त चॅटचा आवाज येत असेल तर सेटिंगमध्ये हेडफोनसाठी ‘ऑल ऑडिओ’ निवडा.

३. दुकानात ३.५ मिमी जॅकच्या मोबाईलला हेडसेट लावून गाणं ऐका आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. वायर पिनेजवळ हलवून खरखर होते का, तेही बघा.

४. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. ऑनलाईन मागवला तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

५. वॉरंटीत असूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर फोन करा. त्यानेही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

दुकानदाराला पहिला प्रश्न ‘सगळ्यात भारी कुठला?’ असा विचारू नका. ‘माझ्या कंट्रोलरला थेट लागेल आणि माईक चालेल असा कुठला?’ असं विचारा. कन्सोलच्या खेळाला एक पिन, तीन रेघा, तोंडाजवळ येणारा माईक आणि कानावर नीट बसणाऱ्या गाद्या एवढं पुरे आहे.