त्रेसष्ट वॅटपासून हजार वॅटपर्यंत

नंदेसरीच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही मोटारीवरची पाटी वाचता येते. पाटीवरचा प्रवाह मोटार फिरत असतानाचा असतो. थेट चालू करताना तीच मोटार काही क्षण सहापट प्रवाह ओढते, म्हणून केबल, स्टार्टर आणि फ्यूज त्या क्षणाचा विचार करून निवडतात. घरात मुलांसाठी भारी गेमिंग संगणक जुळवताना मात्र आपण हा धडा विसरतो. लाखाच्या घरातले ग्राफिक्स कार्ड चार ठिकाणी चौकशी करून घेतो आणि त्याला वीज देणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, दुकानदार देईल तो घेतो. या डब्याची बरीचशी सुधारणा कुठल्या ना कुठल्या अडचणीतून झाली आहे. त्यामुळे तो कसा निवडावा, हे त्याच्या इतिहासातूनच नीट कळते.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात आले. १९६० साली गुजरात वेगळे झाल्यावर राज्याच्या विद्युत मंडळाचे मुख्यालय आपल्या बडोद्यातच राहिले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन आपले बिल मध्य गुजरात वीज कंपनीकडून येऊ लागले. बिलावरचे नाव बदलले, पण भिंतीतल्या पॉइंटवर येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी. संगणकाच्या चिपला लागते ती कमी दाबाची, एकाच दिशेची आणि स्थिर वीज. हे रूपांतर डब्यात होते.

पूर्वी ते काम जड ट्रान्स्फॉर्मर करी. तो गरम होई आणि बरीच वीज उष्णतेत जाई. १९७७ च्या ॲपल-२ संगणकात रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा हलका पुरवठा बसवला. या पद्धतीत विजेचे सेकंदाला हजारो तुकडे केले जातात, त्यामुळे छोटा ट्रान्स्फॉर्मर पुरतो. १९८१ च्या आयबीएम पीसीचा पुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता, १९८४ च्या एटी संगणकाचा १९२ वॅटचा.

त्या काळातले दोन धोके जुन्या दुरुस्तीवाल्यांना आठवत असतील. मदरबोर्डला दोन वेगळे प्लग लागत आणि ‘काळी तार काळीजवळ’ हा नियम चुकला की बोर्ड जळे. डब्यामागचे लाल बटण ११५ व्होल्टवर राहिले तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर डबाच उडे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मानक आणले आणि एकाच दिशेने बसणारा एकच प्लग आला. पण त्यापासून संगणक बंद केला तरी आत ५ व्होल्ट चालूच राहतात. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करावे.

२००४ मध्ये अमेरिकेत ‘८० प्लस’ ही कार्यक्षमतेची खूण सुरू झाली. तिचा अर्थ आपल्या बिलात दिसतो. संगणकाला आत ४०० वॅट हवे असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेचा डबा भिंतीतून ५०० वॅट ओढतो, ९० टक्क्यांचा सुमारे ४४४. रोज चार तास खेळ चालला तर वर्षाला ८० युनिटच्या वर फरक पडतो. मात्र ही खूण कार्यक्षमतेची आहे, सुरक्षिततेची नव्हे.

आता वळू मोटारीच्या धड्याकडे. २०२२ च्या जीफोर्स आरटीएक्स ४०९० कार्डाची खपत ४५० वॅट लिहिलेली आहे, पण अशी कार्डे सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशापुरती त्याहून बरीच जास्त वीज ओढतात. साधा डबा त्या झटक्याला घाबरून बंद पडतो आणि खेळ मध्येच थांबतो. म्हणून त्याच वर्षीच्या एटीएक्स ३.० मानकाने अट घातली की अशा कार्डांसाठीच्या डब्याने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा. याच कार्डांचा नवा प्लग अर्धवट बसला तर तापून वितळल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून २०२३ मध्ये तोही सुधारला.

मग हिशेब कसा करावा? मंडपाची रोषणाई करताना आपण एका पॉइंटवर किती दिवे लागतील ते आधी मोजतो, तसाच. कार्डाचे ४५०, मोठ्या प्रोसेसरचे कमाल २५०, बाकी सगळ्याचे १०० धरले तर ८०० वॅट होतात. त्यावर थोडी ढील ठेवून १००० वॅटचा डबा घ्यावा. या कार्डासाठी कंपनी स्वतः किमान ८५० सांगते. डब्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर दिले आहेत ते वाचावे. १००० वॅटच्या चांगल्या डब्यात तिथे ८३ च्या आसपास आकडा असतो. तो फारच कमी असेल तर वरचे वॅट कागदावरचेच समजावेत. त्यानंतर एटीएक्स ३.० किंवा पुढचे मानक, बीआयएसची खूण आणि हमीची वर्षे पाहावीत. ग्राफिक्स कार्डाचा प्लग पूर्ण आत बसल्याची खात्री करावी.

घरातल्या बाजूचीही काळजी हवी. असा संगणक एक्स्टेंशनवर इतर उपकरणांसोबत लावू नये, चांगल्या अर्थिंगचा स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट द्यावा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो. यूपीएस घ्यायचाच तर पुरेशा क्षमतेचा आणि प्युअर साइन वेव्हचा घ्यावा.

कार्ड दोन-चार वर्षांत जुने होते, पण चांगला डबा पुढच्या कार्डालाही उपयोगी पडतो. बिघडताना हलका डबा कधी कधी महागडे कार्डही सोबत नेतो. म्हणून बजेट कमी पडले तर कार्ड एक पायरी खालचे घ्यावे, एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये.