उतारा नसलेलं विष आणि कोपनहेगनचा धडा

विषय निवडताना आपण पुष्कळदा उत्तर आधी ठरवतो आणि प्रश्न मागून शोधतो. माझंही तसंच झालं.

मी साताऱ्याची, सांगली म्हणजे शेजारघर. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचे धागे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत पोचले. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवणारा कारखानाच सापडला. मी लगेच सिनॉप्सिसमध्ये लिहिलं: 108 च्या गाडीत नालोक्सोन असेल तर ओव्हरडोस झालेले वाचतील. गाईडनी एवढंच विचारलं, "एमडीवर नालोक्सोन चालतं का?"

नाही चालत. 1961 च्या सुमारास शोधलेलं नालोक्सोन फक्त हेरॉइन, मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय पदार्थांना मेंदूतल्या रिसेप्टरवरून हुसकावतं. मंदावलेला श्वास काही मिनिटांत परततो. एमडी मात्र उत्तेजक आहे. त्यात नाडी, रक्तदाब आणि अंगाचं तापमान चढतं, झटकेही येतात. त्याला नेमका उतारा नाही.

मग करायचं काय? हाच प्रश्न 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये होता. तिथे झोपेच्या बार्बिच्युरेट गोळ्या जास्त घेतलेल्यांना जागं करायला डॉक्टर उत्तेजक औषधं टोचत. कोपनहेगनच्या बिस्पेबियर्ग रुग्णालयात क्लेमेसेन आणि निल्सन यांनी ती बंद केली. श्वासनलिका मोकळी ठेवा, प्राणवायू द्या, रक्तदाब सांभाळा. विष शरीर स्वतः काढेल. 1949 मध्ये त्यासाठी वेगळं केंद्र निघालं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आलं.

इथे जरा थांबा. ही तुलना 'आधी' आणि 'नंतर'ची आहे. त्याच काळात पेनिसिलिन आलं, भूलतज्ज्ञांचं कौशल्यही वाढलं. मग श्रेय कुणाला किती? पेपर वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

तरी पद्धत टिकली. महाराष्ट्रात 108 सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टरसह. कुठल्याही ओव्हरडोसमध्ये क्रम तोच: आधी श्वास, मग नाडी, रक्तातली साखर, तापमान. बाहुल्या टाचणीएवढ्या आणि श्वास मंद, तर नालोक्सोनचा विचार. रुग्ण तापलेला, बिथरलेला असेल, तर शांत करणारं औषध आणि अंग थंड करणं. पुष्कळांनी दोन-तीन पदार्थ एकत्र घेतलेले असतात, म्हणून पदार्थाचं नाव कळेपर्यंत कुणी थांबत नाही.

गाडी येईपर्यंतचं काम आपलं. 108 लावा. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर फोनवरच्या सूचनेनुसार छाती दाबायला लागा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. पुडी किंवा गोळ्यांचं पाकीट जपून ठेवा आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा.

माझा सिनॉप्सिस आता बदललाय. 'कुठलं औषध हवं?' याऐवजी मी विचारते, 'पहिल्या दहा मिनिटांत श्वास कोण सांभाळतं?' तुमच्या विषयातला असा मागे राहिलेला प्रश्न कोणता, तो एकदा वहीत लिहून बघा.