मोटार अपघातातील इजा-भरपाईचा दावा

मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीने वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून नुकसानभरपाई मिळवण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावयाचा अर्ज. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात 1956 साली दुरुस्ती होऊन अशी न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. त्यापूर्वी जखमीला दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे. सध्या 1 जुलै 1989 पासून अमलात असलेला 1988 चा कायदा आणि त्यातील 2019 ची दुरुस्ती (भरपाईविषयक भाग 1 एप्रिल 2022 पासून लागू) यांनुसार दावे चालतात. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा प्रतिपक्ष जेथे राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यामुळे परराज्यात जखमी झालेल्या सांगलीच्या रहिवाशाला सांगलीतच दावा चालवता येतो.

दाव्याचे मार्ग : कलम 166 खालील दाव्यात चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि भरपाईला ठरावीक कमाल मर्यादा नसते. कलम 164 खाली कोणाचीही चूक सिद्ध करावी लागत नाही, मात्र गंभीर इजेसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी 5 लाख रुपये एवढीच ठोक रक्कम मिळते. या दोहोंतील दुवा जखमींच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण विमा कंपनीशी कलम 149 मधील कार्यपद्धतीने तडजोड होऊन कलम 164 खालील रक्कम स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. हाडे जुळण्यापूर्वी आणि कायमचे अपंगत्व किती राहील हे कळण्यापूर्वी अशी रक्कम घेणे म्हणूनच जोखमीचे ठरते.

मुदत : 1988 च्या मूळ कायद्यात दाव्याला 6 महिन्यांची मुदत होती, 1994 च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली आणि 2022 पासून ती पुन्हा लागू झाली. मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि अर्जदाराने 6 महिने ही सीमा पक्की धरणे इष्ट आहे.

पुरावा : न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्यातील ‘निःसंशय सिद्धता’ लागत नाही, ‘शक्यतेचे पारडे’ कोणाकडे झुकते एवढेच पाहिले जाते. तरीही दाव्याचे बळ बहुतांशी पहिल्या काही दिवसांतील कागदांवर ठरते. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, वाहनाच्या विम्याची पॉलिसी आणि चालकाचा परवाना ही पोलिसांकडील कागदपत्रे, तर रुग्णालयातील दाखल नोंद, जखमांचे प्रमाणपत्र, केसपेपर, क्ष-किरण चित्रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिले ही वैद्यकीय कागदपत्रे होत. दाखल होताना दुखापतीचे कारण काय लिहिले गेले याला विशेष वजन असते. घाईगर्दीत तेथे ‘पडल्याने इजा’ असे लिहिले गेले आणि वाहनाचा उल्लेख राहिला, तर विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत प्रथम तीच नोंद पुढे करतो. फिर्याद उशिरा दाखल झाली एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही, कारण जखमीला वाचवण्याची धावपळ ही नातेवाइकांची पहिली जबाबदारी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. नव्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यावयाचा असतो. या अहवालालाच अर्ज मानण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु त्यात जखमीचे उत्पन्न व उपचार पुरेसे उतरतातच असे नाही.

अपंगत्वाचे मोजमाप : इजेच्या दाव्यातील हा सर्वांत निर्णायक आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आर. व्ही. रवींद्रन व न्या. एच. एल. गोखले यांच्या पीठाने ऑक्टोबर 2010 मध्ये दिलेला निकाल येथे आधारभूत मानला जातो. एका अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी, संपूर्ण शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट, अर्थात कार्यात्मक अपंगत्व, या तीन भिन्न बाबी असून त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत, असे तत्त्व त्यात मांडले आहे. डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते, मात्र सरकारी कारकुनाची नोकरी टिकून राहू शकते. तेथे उत्पन्नाची हानी कमी धरून जीवनातील सुखसोयींच्या हानीपोटी अधिक रक्कम द्यावी, हे त्या निकालातील उदाहरण आजही सर्रास सांगितले जाते. त्यामुळे प्रमाणपत्रात नुसता टक्का असून भागत नाही. जखमी नेमके कोणते काम करीत होता, त्यातील कोणत्या हालचाली आता जमत नाहीत, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीतून आले पाहिजे. उपचार न केलेल्या डॉक्टरांनी सढळ हाताने दिलेल्या प्रमाणपत्रांबाबत सावध राहण्याचा आणि गरज पडल्यास अर्जदाराला वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याचा सल्ला त्याच निकालात न्यायाधिकरणांना दिलेला आहे.

टक्क्याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. वय 32, महिना 15,000 रुपये कमावणारा स्वयंरोजगारी कारागीर घेतल्यास भावी वाढीपोटी 40 टक्के मिळवून (2017 च्या घटनापीठाच्या निकालातील प्रमाण, इजेच्या दाव्यांनाही ते लागू असल्याचे 2020 मध्ये सांगितले गेले) मासिक 21,000, म्हणजे वार्षिक 2,52,000 रुपये होतात. या वयाला 16 हा गुणक, म्हणजे भावी उत्पन्नाची एकरकमी किंमत काढण्यासाठी वयानुसार ठरवलेला आकडा, लागतो. कार्यात्मक अपंगत्व 25 टक्के धरल्यास 10,08,000, तर 45 टक्के धरल्यास 18,14,400 रुपये होतात. याखेरीज उपचार, पौष्टिक आहार, प्रवास, उपचारकाळातील बुडालेली कमाई, वेदना आणि पुढील शस्त्रक्रिया यांसाठी स्वतंत्र रकमा मिळतात. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र नसलेल्यांच्या बाबतीत किमान वेतनाच्या अधिसूचनेचा आधार घेतला जातो, पण प्रत्यक्ष कमाई त्याहून अधिक असल्यास हिशेबाच्या वह्या, बँकेतील व्यवहार किंवा मालकाची साक्ष यांतून ती दाखवता येते.

मेडिक्लेम : अर्जदाराने स्वतः हप्ते भरून घेतलेल्या आरोग्यविम्यातून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये ठरवले.

मोटारीतील प्रवासी : दोन वाहनांच्या धडकेत दोन्ही चालकांची चूक असली, तरी आतील प्रवासी कोणत्याही एका बाजूकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. खासगी मोटारीतील प्रवाशाला त्याच मोटारीच्या विम्याचा लाभ मिळण्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी असावी लागते. केवळ कायद्यापुरत्या, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ पॉलिसीत तो सामान्यतः समाविष्ट नसतो. सीटबेल्ट वा हेल्मेट नसण्याचा भरपाईवरील परिणाम प्रकरणागणिक वेगळा धरला जातो.

पळून गेलेले वाहन : गंभीर इजेसाठी 50,000 आणि मृत्यूसाठी 2 लाख रुपये (कलम 161).

तातडीचे उपचार : मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळतात.

अर्जदाराचा मृत्यू : दावा चालू असताना जखमी अन्य कारणाने मरण पावला, तरी इजेच्या भरपाईचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. ही तरतूद 2019 च्या दुरुस्तीने आली. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या दाव्यांत वारसांवर होणारा मोठा अन्याय तिने दूर केला.

अपील : निवाड्यापासून 90 दिवसांत उच्च न्यायालयात; वादातील रक्कम 1 लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास अपील नाही.