वाऱ्याच्या मापाचे इंधन

इंदूरविषयी बोलावयाचे म्हटले की अहल्याबाईंचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी होळकर घराण्यातील एका मोटारीची हकीकत घेऊन आपल्यापुढे आलो आहे. आणि तिच्या निमित्ताने, बोटाएवढ्या एका लहानशा यंत्रभागाची. त्या भागाचे नाव इंजेक्टर. टर्बोचार्जर असलेल्या गाडीला अधिक मोठे इंजेक्टर बसवावयाचे झाल्यास ते कसे निवडावेत, हा प्रश्न इंदूरच्या गॅरेजांतून तरुण मंडळी हल्ली हिरिरीने चर्चितात. प्रश्न नवा वाटतो; परंतु त्याचे मूळ या शहरात जवळजवळ नव्वद वर्षांमागे जाऊन पोहोचते.

यशवंतराव होळकर (दुसरे) यांना १९३० मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. ऑक्सफर्डला शिकलेले हे तरुण महाराज नव्या युगातील वस्तूंचे मोठे रसिक होते. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा अगदी आधुनिक धर्तीवर बांधून घेतला. (पुढे त्या वास्तूत केंद्रीय करखात्याचे कार्यालय आले, सौंदर्यदृष्टीचा वारसा कोणाकडे जाईल याचा नेम नसतो.) याच महाराजांनी १९३५-३६ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एक गाडी घेतली. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचे, वरची काया लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडविलेली. सांगाडा कमालीचा लांब, आणि त्यावर बैठक मात्र अवघ्या दोघांची! इंजिन एका रांगेतील आठ सिलिंडरांचे, सुमारे ६.९ लिटर धारणेचे. सुपरचार्जरविना या इंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती असल्याचे कारखानदार सांगत. सुपरचार्जरसह ती ३२० होई.

हे पंचावन्न अश्व आले कोठून? सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच शक्तीने अतिवेगाने फिरणारा पंखा. साधे इंजिन श्वास घेते तो वातावरणाच्या दाबाने जेवढा मिळेल तेवढा. हा पंखा त्याच्या छातीत हवा कोंबतो. परंतु कोंबलेली हवा नुसती कामाची नाही. पेट्रोल पुरते जळावयास वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. उलट पाहिले तर, हवा दीडपट झाली की पेट्रोलही दीडपट व्हावयास हवे. किंबहुना थोडे अधिकच. कारण दाबाखाली चाललेल्या इंजिनात जास्तीचे पेट्रोल बाष्प होताना उष्णता शोषून घेते आणि मिश्रणाला भलत्या वेळी पेट घेऊ देत नाही. म्हणून पूर्ण जोराच्या वेळी एकास बारा, क्वचित त्याहूनही दाट, असे प्रमाण ठेवण्याची रीत आहे. हवा वाढली आणि इंधन मागे राहिले तर इंजिन आतून खडखडू लागते, पिस्टनचा माथा तापतो, आणि कित्येकदा ॲल्युमिनियम वितळून त्याला भोक पडते. हे सारे घडावयास काही क्षण पुरतात.

महाराजांच्या काळी इंधनाचे माप कार्ब्युरेटरमधील जेट ठरवीत असे. जेट म्हणजे पितळेचा एक लहानसा तुकडा, मध्ये मोजून पाडलेले छिद्र. अधिक हवा, तर अधिक मोठे छिद्र. आजचा तरुण इंजेक्टर निवडतो त्या वेळी तो तत्त्वतः हेच करीत असतो, हे ध्यानात घेतले की पुढील सारा इतिहास सरळ उलगडतो.

त्या इतिहासातील एक प्रसंग मला विशेष प्रिय आहे. १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात विमानांचे युद्ध जुंपले. इंग्रजांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते. त्याला सुपरचार्जर होता, पण इंधन कार्ब्युरेटरमधून येई. जर्मनांच्या मेसरश्मिट विमानातील डाइम्लर-बेंझ इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. जर्मन वैमानिक नाक खाली करून एकदम सूर मारी. इंग्रज तसेच करू गेला की त्याच्या कार्ब्युरेटरमधील इंधन वर उसळे, इंजिन प्रथम उपाशी पडे आणि लगेच पेट्रोलात बुडून गुदमरे. यावर तोड काढली ती फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेतील बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी. या बाई ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर मोटारसायकल ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने पळविलेल्या. १९४१ मध्ये त्यांनी इंधनाच्या नळीत बसवावयाची एक धातूची चकती तयार केली. तिच्यातील छिद्र एवढेच की पूर्ण शक्तीच्या वेळी इंजिनाला लागेल तेवढे पेट्रोल जावे, त्याहून अधिक जाऊ नये. आणि ही चकती दोन मापांची होती: सुपरचार्जरचा दाब बारा पौंड असलेल्या इंजिनांसाठी एक, पंधरा पौंडवाल्यांसाठी दुसरी. हवेच्या दाबावरून इंधनाचे छिद्र ठरविणे, हाच तर आपला आजचा विषय!

सुपरचार्जर इंजिनाचीच शक्ती खातो. त्यापेक्षा धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूने पंखा फिरवावा, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांना सुचली. त्यांचे पेटंट १९०५ चे आहे. तोच टर्बोचार्जर. मोटारीत तो यावयास मात्र १९६२ साल उजाडले. त्या वर्षी निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर गाडीत टर्बो नवा आणि कार्ब्युरेटर जुना, असा विजोड संसार होता. इंजिन खडखडू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून आत सोडावे लागे, आणि ती टाकी भरावयास मालक विसरत. गाडी फार काळ टिकली नाही. हवेची व्यवस्था पुढे गेली आणि इंधनाची मागे राहिली, याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या २००२ टर्बो गाडीत यांत्रिक फवारणीची जोड दिली. दरम्यान १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगनच्या गाडीसाठी विजेच्या आज्ञेने उघडमीट करणारे इंजेक्टर बाजारात आणले होते. हवेचा दाब पाहून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा हे विजेने ठरवावयाचे, ही त्यातील मुख्य युक्ती. आज पेट्रोल गाडीत जे आहे ते याच युक्तीचे नातवंड.

आता परत आपल्या प्रांताकडे येऊ. मुंबई-आग्रा रस्ता नाशिकवरून निघून धुळे, सेंधवा करीत इंदुरास येतो. याच रस्त्यावरच्या नाशिकमध्ये १९७० च्या सुमारास मायको, म्हणजे आजची बॉश कंपनी, डिझेल नोझल आणि इंजेक्टर करू लागली. नोझलमधील सुई आणि तिचे घर यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे इतकेच अंतर असते; दोन्ही जोडीनेच घासून सिद्ध होतात, आणि एकीची सुई दुसरीच्या घरात चालत नाही. या रस्त्यावरील मालमोटारींच्या मेस्त्र्यांना ही विद्या पुस्तकाविना अवगत होती. हातपंपावर नोझल लावून दट्टा दाबला की ते चरचर आवाज करी, आणि फवाऱ्याच्या आकारावरून मेस्त्री निकाल देई. डिझेलची रीत मात्र पेट्रोलच्या उलट आहे. तेथे इंधन अधिक झाले तर काळा धूर निघतो आणि उष्णता वाढते. हवा अधिक झाली तर इंजिन उलट सुखावते. पंपाचा स्क्रू फिरवून घाटात जोर मिळविणाऱ्या पिढीचे हे ज्ञान पेट्रोल टर्बोला जसेच्या तसे लावले की अनर्थ ओढवतो.

तसा तो ओढवलेला मी पाहिला आहे. माझ्या परिचयातील एका तरुणाने आपल्या टर्बो पेट्रोल गाडीचा हवेचा दाब वाढवून घेतला. इंजेक्टर मूळचेच ठेवले. ‘ते पुरतात’ असे त्यास सांगण्यात आले होते. मानपूरच्या घाटात चढणीवर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन गेला. वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेल्या रकमेतून इंजिन दुरुस्त झाले. घरात कोणी फारसे बोलले नाही, एवढेच सांगतो.

हिशेब काही अवघड नव्हता. समजा, चार सिलिंडरांच्या इंजिनातून २०० अश्वशक्ती हवी आहे. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात दर अश्वशक्तीमागे तासाला अदमासे २७० ग्रॅम पेट्रोल घेते. म्हणजे तासाला ५४ किलो; दर इंजेक्टरमागे साडेतेरा किलो; मिनिटाला २२५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३०० घनसेंटिमीटर. आता इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. सहा हजार फेऱ्यांवर इंजिनाचे एक चक्र वीस सहस्रांश सेकंदांत पुरे होते. त्यातील ऐंशी टक्के, म्हणजे सोळा सहस्रांश सेकंद, एवढाच अवधी धरावा हे शहाणपणाचे. तेव्हा मिनिटाला ३८० घनसेंटिमीटर देणारा इंजेक्टर हवा.

मग ‘सुरक्षित असावा’ म्हणून हजाराचाच का बसवू नये? येथे हौशी माणसे फसतात. इंजेक्टरला विजेची आज्ञा मिळाल्यापासून पुरता उघडावयास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिनाला इतके थोडे इंधन लागते की अजस्र इंजेक्टरला उघडता उघडताच मिटावे लागते. अशा वेळी माप निश्चित राहत नाही. इंजिन अडखळते, धुराला पेट्रोलचा वास येतो. थोडक्यात, पूर्ण जोराची गरज भागवील असा, आणि त्यांतला शक्य तितका लहान, असा इंजेक्टर पाहावयाचा.

दाबाचीही एक मेख आहे. इंजेक्टरमधून वाहणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तीनऐवजी चार बार दाब दिला तर पुरवठा तेहतीस नव्हे, पंधरा टक्क्यांनीच वाढतो. शिवाय टर्बोने आतल्या नळीत एक बार दाब चढविला आणि इंधनाचा दाब त्याबरोबर चढला नाही, तर तीन बारांपैकी दोनच बार कामास उरतात. नेमकी गरज असते त्या क्षणी पुरवठा अठरा टक्क्यांनी घटतो. म्हणून इंधनदाबाचा नियंत्रक आतल्या हवेच्या दाबाशी जोडलेला आहे ना, आणि पंपाला तेवढे बळ आहे ना, हे इंजेक्टर विकत घेण्यापूर्वी पाहावयास हवे. त्यात भर म्हणून आपल्या देशात २०२५ पर्यंत पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. शुद्ध पेट्रोलाच्या तुलनेने असे इंधन सहा-सात टक्के अधिक ओतावे लागते. उसाच्या मळ्यातून निघालेला हा हिशेब इंजेक्टरच्या छिद्रापर्यंत येतो! ज्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शेकडो बार दाबाने फवारले जाते त्यांची गोष्ट निराळी. तेथे पंप, इंजेक्टर आणि त्यांचा विद्युत्-मेंदू ही एकच मोट असते, आणि एकच भाग बदलून काम भागत नाही.

कायदाही आठवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील मूळ घडणीशी विसंगत फेरफारांना मनाई करते. वेगाची हौसच असेल तर ती रस्त्यावर भागविण्याचे कारण नाही. इंदूरहून काही मैलांवर पीथमपूर आहे. तेथे १९८६ मध्ये आयशरने मित्सुबिशीच्या साहाय्याने मालमोटारी बांधावयास आरंभ केला. त्याच परिसरात ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान चाचणीमार्ग २९ जून २०२१ रोजी सुरू झाला. महाराजांची ड्यूसेनबर्ग अशा मार्गावर कशी धावली असती, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तो तरुण गेल्या महिन्यात पुन्हा भेटला. या वेळी त्याच्या खिशात एक कागद होता. नवे इंजेक्टर बसविण्यापूर्वी त्याने ते चाचणीच्या मेजावर लावून प्रत्येकातून मिनिटाला किती इंधन पडते ते काचेच्या नळ्यांत मोजून घेतले होते. कागदावर चार आकडे होते: ३८२, ३७९, ३८४ आणि ३५१. चौथ्या आकड्याभोवती त्याने लाल शाईने वर्तुळ काढले होते, आणि तो इंजेक्टर परत करावयास तो सियागंजाकडे निघाला होता.