कफातल्या सुया आणि दीडशे वर्षं जुना संशय

जेवत असाल तर हा भाग नंतर वाचा, कारण आजची गोष्ट आहे कफाची.

१८५३. फ्रेंच डॉक्टर शार्को यांना ल्युकेमियाच्या रुग्णाच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली चमकदार स्फटिक दिसले. दोन्ही टोकं अगदी टोकदार, सुईसारखी. मग १८७२ मध्ये जर्मन डॉक्टर लायडन यांना तेच स्फटिक दम्याच्या रुग्णांच्या कफात सापडले. त्यांनी सरळ संशय घेतला: ह्या सुया श्वासनलिकेच्या अस्तरातल्या मज्जातंतूंना टोचत असणार, म्हणून नळ्या आवळतात आणि दम लागतो!

हा तर्क पुढे मागे पडला. स्फटिक म्हणजे आजाराची फक्त खूण, असंच डॉक्टर मानत राहिले.

१८७९ मध्ये पॉल एर्लिख या पंचविशीतल्या पोराने (पुढे नोबेल मिळालं त्याला) रक्तातल्या पेशींवर इओसिन नावाचा लालसर रंग वापरला. काही पांढऱ्या पेशींमधले दाणे लालभडक झाले. म्हणून त्यांचं नाव पडलं इओसिनोफिल. अ‍ॅलर्जिक दम्यात काय होतं बघा. परागकण किंवा धुळीतले सूक्ष्म किडे श्वासातून आत गेले, की फुप्फुसातल्या टी-पेशी इंटरल्यूकिन-५ नावाचा निरोप धाडतात आणि इओसिनोफिल झुंडीने येतात. त्यांच्या दाण्यांतली विषारी प्रथिनं अस्तर सोलवटून काढतात. शत्रू तसा कुणीच नसतो, नुकसान मात्र आपलंच.

ही पेशी फुटली की तिच्यातलं गॅलेक्टिन-१० हे प्रथिन बाहेर सांडतं आणि त्याचेच स्फटिक बनतात. शार्कोंना दिसलेले ते हेच! पण उंदरांच्या शरीरात हे प्रथिन बनतच नाही. आता सांगा, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरात ते दिसणार कसं?

२०१९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट इथल्या बार्ट लँब्रेख्त यांच्या गटाने हे प्रथिन मुद्दाम उंदरांच्या फुप्फुसात सोडलं. विरघळलेलं सोडलं, तर विशेष काही नाही. स्फटिकरूपात सोडलं, तर जोरदार दाह! म्हणजे दोष प्रथिनापेक्षा त्याच्या आकाराचा. मग त्यांनी स्फटिक विरघळवणाऱ्या अँटिबॉडीज बनवल्या. रुग्णांच्या कफातले स्फटिक त्यांनी विरघळले आणि उंदरांमधला दाहही कमी झाला.

लायडन यांचं मज्जातंतूंचं गणित चुकलं होतं. इथे भडकतात त्या प्रतिकार करणाऱ्या पेशी. पण सुया निरुपद्रवी नाहीत, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. अर्थात हे सगळं अजून बरंचसं उंदरांवरचं आहे हं, तुमचा इनहेलर तेवढा खिशातच राहू द्या.